इच्छा व पसंतीदर्शक रचना (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजीत इच्छा, आवड व निवड सांगणारी वाक्ये. भंडाऱ्याच्या झाडीबोलीत ‘मले पानी पायजे’ म्हणणारा चतुर्थीत असतो. ‘आय वॉन्ट वॉटर’मध्ये तो प्रथमेत येतो. हे मुलांना लवकर जमते. खरी अडचण ‘विश’ची. ‘आय विश आय न्यू द आन्सर’ यातील ‘न्यू’ रूपाने भूतकाळी, अर्थाने आत्ताचे: उत्तर माहीत असते तर! मराठी संकेतार्थाशी सांगड घातली की कोडे सुटते. होऊन गेलेल्या गोष्टीच्या हळहळीला ‘हॅड नोन’ लागते. ‘पेक्षा’साठी ‘प्रिफर’नंतर ‘टू’ येतो: ‘आय प्रिफर टी टू कॉफी’, ‘वुड रादर’ला मात्र ‘दॅन’ आणि मूळ क्रियापद: ‘आय वुड रादर वॉक दॅन वेट’. अनोळखी माणसाकडे काही मागताना ‘वॉन्ट’ उर्मट वाटते, तिथे ‘वुड लाइक’ बरे.