विहिरीचं झाकण आणि आपल्या घरचे डास

पावसाळ्यात दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डॉक्टर, हे गोदावरीचे डास. आम्ही घरात बसून काय करणार?" याचं उत्तर मुंबईच्या शंभर वर्षांपूर्वीच्या इतिहासात आहे.

मलेरिया म्हणजे 'वाईट हवा'. दलदलीच्या हवेने हा ताप येतो, असा पूर्वी समज होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले आणि खरा गुन्हेगार सापडला.

पुढच्या दशकात मुंबईच्या फोर्ट भागात हिवताप बळावला. एवढ्या दाट वस्तीत डास येत कुठून होते? डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या १९११च्या अहवालाने उत्तर दिलं: घरोघरच्या विहिरींतून! ॲनाफिलिस स्टीफेन्सी हा डास तिथल्या स्वच्छ पाण्यात वाढत होता.

विहिरी बुजवा किंवा झाका म्हटल्यावर लोक नाराज झाले. धार्मिक विधींना विहिरीचंच पाणी लागे. मग तोडगा निघाला: झाकणात बारीक जाळीचं दार. पाणी काढता येई, डासाला मात्र आत जाता येत नसे.

१९५३ पासून देशभर डीडीटी फवारणी झाली. साठच्या दशकात रुग्ण लाखाच्या आसपास उतरले, पण १९७६ पर्यंत पुन्हा ६४ लाखांवर गेले. डास औषधाला सरावले होते. झाकणाला मात्र डास सरावत नाही!

आज विहिरीची जागा गच्चीवरची टाकी, पिंप, कूलर आणि कुंडीखालची ताटली यांनी घेतली आहे. नदी-नाल्याच्या घाण पाण्यात क्युलेक्स डास होतात, हे खरं. पण डेंग्यूचा एडिस घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि सहसा फार लांब उडत नाही. म्हणजे तुम्हाला चावणारा एडिस बहुधा तुमच्या किंवा शेजारच्या घरचाच!

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. भांडी रिकामी करून आतून घासा, कारण एडिसची अंडी कडांना चिकटतात आणि कोरडी असूनही महिनोन्‌महिने टिकतात. टाकीला घट्ट झाकण, तिच्या हवेच्या पाइपला जाळी लावा.

आणि ताप आलाच, तर अंगावर काढू नका. रक्त तपासून घ्या.