डॉक्टर कोटणीस आणि चिंगलानबाई



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी आपल्याकडची रीत आहे. मी विद्वान नाही. वडील गिरणीत साच्यावर, आई घरी विड्या वळणारी, आणि मी आठवीत शाळा सोडलेला. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या बाकावर झाले. तीस वर्षे कामगारांची वर्गणी गोळा करण्यात गेली. म्हणून चिटणिसांनी वैद्यक, कला आणि दातृत्व यांना वाहून घेतलेल्या एखाद्या दांपत्यावर बोला असे सांगितले, तेव्हा मी पाटीवर ज्यांची नावे कोरली जातात अशा दात्यांच्या शोधात गेलो नाही. ज्यांच्या दानाची सुरुवातच लोकांच्या वर्गणीतून झाली, ते जोडपे मला आठवले. त्यातला नवरा आपल्या सोलापूरचा, बायको चीन देशाची. डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस आणि त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान.

डॉक्टरांचे नाव येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भय्या चौकातले त्यांचे घर आता स्मारक झाले आहे. चिंगलानबाईंचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हे मी हात वर करायला लावून विचारणार नाही. परंतु माझे आजचे सारे म्हणणे त्या एका प्रश्नाभोवती आहे.

द्वारकानाथांचा जन्म सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. ते वाढले ते गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे, मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत भांडणारे आणि त्याच चार भाषांत समेट करणारे गाव होते. १९३० च्या मे महिन्यात या गावावर इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याला फाशी दिले. द्वारकानाथ तेव्हा विशीत होते. पुढे मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. एखाद्या मोठ्या पेठेत दवाखाना थाटावा, चार पैसे गाठीला बांधावे, हा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता.

इतक्यात चीनमधून हाक आली. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष चढाई केली होती. आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू-तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे यांची मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी देशाला आवाहन केले, ठिकठिकाणी चीनच्या मदतीसाठी दिवस पाळले गेले आणि सुमारे २२,००० रुपये जमले. त्यातून एक रुग्णवाहिका, औषधे, उपकरणे आणि पाच डॉक्टरांचे पथक उभे राहिले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस.

मित्रहो, या २२,००० रुपयांपाशी मी थोडा थांबतो. वर्गणी मागण्याचा धंदा मी आयुष्यभर केला आहे, म्हणून हा आकडा मला वेगळा दिसतो. तो देश स्वतंत्र नव्हता. ज्याच्या स्वतःच्या पायात बेडी आहे त्याने दुसऱ्याच्या जखमेसाठी फडके फाडून द्यावे, असा तो प्रकार होता. अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या संपवाल्यांसाठी मी विडी कामगार बायकांच्या वस्तीत डबा फिरवीत होतो. एका म्हातारीने विचारले, "बाबा, ती माणसं आपली कोण?" मला लवकर उत्तर सुचेना. तेवढ्यात तिनेच पदराच्या गाठीतून दोन रुपयांचे नाणे काढले आणि डब्यात टाकले. "असू दे, कोणीतरी असतीलच," म्हणाली. १९३८ च्या त्या निधीमागे अशीच माणसे असणार, असे मला नेहमी वाटते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईच्या बंदरातून 'राजपुताना' बोटीने निघाले. कँटन, हँकाव, चुंगकिंग असा प्रवास करीत १९३९ च्या आरंभी ते येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या डोंगरी राजधानीला, पोहोचले. चीनमध्ये असतानाच डॉक्टरांना वडील गेल्याची बातमी कळली. परत फिरले असते तर कोणी शब्दाने दोष दिला नसता. ते फिरले नाहीत. पथकातले सोबती यथावकाश मायदेशी परतले, हे मात्र आघाडीवर राहिले. चिनी लोकांनी त्यांच्या नावाला शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हा शब्द जोडला आणि ते 'के दिहुआ' झाले. ते चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले आणि पुढे त्याच भाषेत शिकवू लागले. चार भाषांच्या गावातून गेलेल्या मुलाला पाचवी परकी वाटली नसावी.

१९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी १३ दिवसांत ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर ७२ तास ते शस्त्रक्रियेच्या टेबलापासून हलले नाहीत. रुग्णालय म्हणजे कधी खेड्यातले घर, कधी देऊळ. शत्रू जवळ आला की सारे खाटल्यावर घालून डोंगर ओलांडायचा. कॅनडाचे थोर शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून याच भागात शस्त्रक्रिया करताना बोट कापून, त्यातून विष भिनून, नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले.

आता या कथेचा दुसरा अर्धा भाग.

चिंगलानबाईंचा जन्म १९१६ चा, शान्शी प्रांतातला. त्या शिकलेल्या परिचारिका होत्या. पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्या काम करीत. जपान्यांनी व्यापलेल्या शहरातली ती सुरक्षित नोकरी टाकून त्या डोंगरातल्या सेनेकडे आल्या आणि बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवू लागल्या. १९४० च्या जूनमध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांनी या भारतीय डॉक्टरला प्रथम पाहिले. बाईंना इंग्रजी येत होते, त्यामुळे ओळख त्या भाषेत वाढली. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती नीए रोंगचन यांनी त्याचे नाव सुचविले, 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

डॉक्टरांना फेफऱ्याचे झटके येत. उपचारासाठी आघाडी सोडून जा, असे त्यांना परोपरीने सांगितले गेले, पण ते राहिले. दिवसा रोगी आणि विद्यार्थी, रात्री शस्त्रक्रियेवरच्या चिनी पाठ्यपुस्तकाचे लेखन. ते पुस्तक पुरे होण्यापूर्वीच ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातल्या एका खेड्यात त्यांचे निधन झाले. वय ३२. संसार झाला होता एक वर्ष आणि चौदा दिवसांचा. मूल साडेतीन महिन्यांचे होते.

येथवरची कथा कलेने जगभर नेली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावरून आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट काढला. डॉक्टरांची भूमिका स्वतः त्यांनी केली, चिंगलान झाल्या जयश्रीबाई, आणि संगीत वसंत देसाई यांचे. मरणशय्येवरचा डॉक्टर बायकोला सांगतो, तू माझ्या घरी जाशील तेव्हा तुझे स्वागत असे होईल, तसे होईल. तो प्रसंग पाहताना थिएटरात डोळ्याला पदर लावला नाही अशी बाई विरळा. कलेचे ऋण मी मानतो. कलेविना आमच्यासारख्यांपर्यंत हे नाव पोहोचलेच नसते. तथापि बोलपट जेथे संपतो तेथे चिंगलानबाई अवघ्या २६ वर्षांच्या होत्या.

आणि पुढे त्या जवळजवळ सत्तर वर्षे जगल्या. नवरा गेला तेव्हा युद्ध संपलेले नव्हते. तान्हे मूल घेऊन त्यांनी आपले काम चालू ठेवले. काळाने त्यांनी दुसरा संसार मांडला, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण कोटणीसांच्या घराशी जुळलेले नाते त्यांनी तोडले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या. मुलाला त्यांनी वैद्यकाच्या वाटेला लावले. भारत आणि चीन ही दोन नावे एकत्र घेऊन जन्मलेला तो मुलगा विशीत असताना, १९६२ साली, त्या दोन देशांत युद्ध झाले. पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण संपत आलेले असताना तो मुलगाही वारला. या बाईंनी काय काय सोसले असेल, याचा हिशेब करायला माझ्याजवळ वही नाही. तरीही म्हातारपणी त्यांनी कोटणीसांबरोबरच्या आयुष्याच्या आठवणी लिहून ठेवल्या. २८ जून २०१२ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्या गेल्या. योगायोग असा की त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी आपल्या भय्या चौकातले स्मारक लोकांसाठी उघडले होते.

आता एक अवघड प्रश्न. तो मला आमच्याच तरुण कार्यकर्त्याने विचारला. २०२० च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. त्याच्या ओळखीतल्या घरचा मुलगा फौजेत आहे. तो म्हणाला, "काका, चीनसाठी मेलेल्या माणसाची पुण्यतिथी आपण कशाला करायची?" मी त्याच्यावर रागावलो नाही. त्याचे दुःख खरे आहे, आणि सीमेवर देह ठेवणाऱ्याचे ऋण कोणत्याही पुतळ्याहून मोठे आहे. मी त्याला एवढेच म्हणालो, ज्या जखमींवर डॉक्टरांनी हात ठेवला ते शेतकऱ्यांची पोरे होती आणि त्यांच्या गावावर परकी फौज चालून आली होती. त्या डॉक्टरांना पाठविले ते सुभाषबाबूंनी आणि या देशातल्या लोकांच्या पैशाने. पुढे राज्यकर्त्यांनी काय केले, याचे बिल १९४२ साली मेलेल्या माणसाच्या नावावर फाडता येत नाही. दिलेली वर्गणी दिली त्या दिवशी चांगली असेल, तर ती नंतर खोटी होत नाही. तो गप्प राहिला. पटले की नाही ते मला ठाऊक नाही. पण ९ डिसेंबरला तो स्मारकाशी आला होता.

आणि मग त्यानेच भिंतीकडे पाहून विचारले, "यांच्या बायकोचं काय झालं?" तेव्हा मला माझी लाज वाटली. कारण इतकी वर्षे हार घालूनही त्या बाईंविषयी मी कधी दोन वाक्ये बोललो नव्हतो.

गिरणीत कापडाच्या ताग्यावर छाप गिरणीची पडते, विणणाऱ्याचे नाव पडत नाही. रुग्णालयाचेही तसेच आहे. शस्त्रक्रिया डॉक्टरच्या नावावर जमा होते. रात्री तीन वाजता फडके बदलणारी, ताप मोजणारी, मरणाऱ्याचा हात धरून बसणारी जी बाई असते, तिची नोंद हजेरीपटापलीकडे जात नाही. कोटणीसांनी शिकविलेले विद्यार्थी आणि चिंगलानबाईंनी शिकविलेल्या परिचारिका यांनी मिळून ते डोंगरातले रुग्णालय चालविले. एकाचे दान चार वर्षांत संपले, कारण आयुष्यच संपले. दुसरीचे दान पुढे सत्तर वर्षे हप्त्याहप्त्याने चालू होते. आम्हा युनियनवाल्यांना ठाऊक आहे, एकरकमी देणगीचे कौतुक होते, पण संघटना जगते ती दरमहाच्या वर्गणीवर.

चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉक्टर कोटणीस बेथ्यूनसाहेबांच्या सान्निध्यात विसावले आहेत. तेथे त्यांना कोणी परका म्हणत नाही. मग आपल्या गावी आपल्या सुनेला परकी का ठेवायचे? आपल्या वस्तीचे नावच जुळे सोलापूर आहे. जुळ्यातल्या एकाचे बारसे करून दुसऱ्याला विसरणारी आई मी तरी पाहिलेली नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे. मागणीशिवाय भाषण संपविण्याची मला सवय नाही. येत्या ९ डिसेंबरला कोटणीसांच्या तसबिरीशेजारी चिंगलानबाईंची तसबीर ठेवू या. आणि त्या दिवशी हारतुऱ्यांचे पैसे वाचवून एक डबा फिरवू या. त्या पैशातून विडी कामगाराच्या किंवा यंत्रमाग कामगाराच्या एका मुलीचे परिचारिकेचे शिक्षण व्हावे. एकाच मुलीचे, पण पुरे. कोणी विचारलेच की ती मुलगी आपली कोण, तर त्या म्हातारीचे उत्तर आपल्याजवळ आहेच.

डबा मी बरोबर आणला आहे. तो दाराशी ठेवला आहे.