शांघायमधील बार आणि लाउंज : कुठे व कसे शोधावेत

भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा सुमारे पाच वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामुळे व्यापार, शिक्षण किंवा पर्यटनासाठी शांघायला जाण्याची सोय पुन्हा झाली आहे. दिवसाची कामे आटोपल्यावर सायंकाळ कुठे घालवावी, हा प्रश्न या शहरात पर्यायांच्या अभावामुळे नव्हे, तर त्यांच्या विपुलतेमुळे पडतो. २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे २ कोटी ४८ लाख लोकसंख्या असलेल्या या महानगरात अगदी साध्या बिअरच्या ठेल्यापासून शंभराव्या मजल्यापलीकडील हॉटेलांपर्यंत सर्व काही उपलब्ध आहे.

मात्र शांघायमध्ये बारच्या नावांची यादी फार काळ टिकत नाही. बंड या नदीकाठच्या मार्गावर १९९९ मध्ये सुरू झालेले आणि शहराच्या नव्या खाद्यसंस्कृतीचे प्रवर्तक मानले गेलेले 'एम ऑन द बंड' हे उपाहारगृह २०२२ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी एप्रिल आणि मे असे दोन महिने जवळजवळ संपूर्ण शहर टाळेबंदीत होते. अशा परिस्थितीत जुन्या मार्गदर्शक पुस्तकातील पत्ता घेऊन निघालेल्या प्रवाशाला अनेकदा तिथे कपड्यांचे दुकान आढळते. म्हणून नावे पाठ करण्यापेक्षा शहराचा कोणता भाग कशासाठी ओळखला जातो, हे समजून घेणे अधिक उपयुक्त ठरते.

बंड : इतिहासाच्या शेजारी

ह्वांगपू नदीच्या पश्चिम तीरावरील बंड, चिनी भाषेत वायथान, हा शांघायचा दर्शनी चेहरा होय. येथील २० क्रमांकाच्या इमारतीशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचे ससून रुग्णालय ज्या घराण्याच्या नावाने ओळखले जाते, त्याच घराण्यातील व्हिक्टर ससून यांनी १९२९ मध्ये ही इमारत उभारली आणि तीत कॅथे हॉटेल सुरू केले. घराण्याच्या संपत्तीचा एक मोठा भाग मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारातून आला होता, हेही येथे नमूद करायला हवे. हिरव्या तांब्याच्या निमुळत्या छपराची ही वास्तू १९५६ पासून पीस हॉटेल म्हणून ओळखली जाते. तिच्या तळमजल्यावरील जॅझ बारमध्ये ज्येष्ठ वादकांच्या वृंदाची परंपरा १९८० पासून चालत आली आहे.

जॅझमुळे जोडला गेलेला आणखी एक दुवा आहे. १९३० च्या दशकात शांघायच्या नृत्यगृहांत लोकप्रिय असलेले अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. १९४५ मध्ये कोलकाता येथे त्यांचे निधन झाले. मुंबईच्या जॅझप्रेमींनी एके काळी ऐकलेले सूर ज्या शहरातून आले, ते शहर हेच.

बंडच्या दक्षिण टोकाला २ क्रमांकाच्या इमारतीत ब्रिटिशांचा शांघाय क्लब होता. त्याचा सुमारे ३४ मीटर लांबीचा 'लाँग बार' जगप्रसिद्ध होता. नदीकडील खिडकीजवळची जागा बँका आणि मोठ्या पेढ्यांच्या प्रमुखांची, तर नवख्यांनी मागच्या टोकाला उभे राहायचे, असा तेथील अलिखित नियम होता. चिनी नागरिकांना सदस्यत्वच नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच वास्तूत तळलेल्या कोंबडीचे अमेरिकन दुकानही काही वर्षे चालले. आता तेथे वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेल असून लाँग बार जुन्या धर्तीवर पुन्हा उभारण्यात आला आहे.

बंडवरील गच्च्यांवरून समोरच्या पुडोंगचे दिवे दिसतात आणि दराचा मोठा हिस्सा त्या दृश्याचाच असतो. इमारतींची रोषणाई साधारणतः रात्री दहाच्या सुमारास मालवते. त्यामुळे दृश्यासाठी जाणाऱ्यांनी आठच्या सुमारास पोहोचावे. त्यानंतर तेथे थांबण्याचे विशेष कारण उरत नाही.

पुडोंगची उंची

नदीपलीकडील लूच्याझुई भागात उंचीची चढाओढ आहे. ४२१ मीटर उंच जिन माओ टॉवरमध्ये १९९९ मध्ये ग्रँड हयात हॉटेल सुरू झाले आणि त्याच्या ८७ व्या मजल्यावरील 'क्लाउड नाइन' लाउंजची ख्याती झाली. त्यानंतर शेजारीच ४९२ मीटरचे वर्ल्ड फायनान्शियल सेंटर आणि ६३२ मीटरचा शांघाय टॉवर उभा राहिला. शांघाय टॉवरच्या वरच्या मजल्यांवर २०२१ पासून 'जे हॉटेल' आहे. येथे जाण्यापूर्वी आकाशाकडे एकदा पाहून घेणे शहाणपणाचे. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत 'मेइयू' म्हणजे आलुबुखाराच्या हंगामातील पाऊस असतो. अशा वेळी उंच मजल्यावरून ढगांखेरीज काहीही दिसत नाही, देयक मात्र पूर्ण द्यावे लागते.

झाडांच्या सावलीतील गल्ल्या

उत्तम पेय आणि निवांत संभाषण हा हेतू असेल, तर नदीकाठ सोडून जुन्या फ्रेंच वसाहतीकडे वळावे. १८४९ ते १९४३ या काळात फ्रेंचांच्या अखत्यारीत असलेल्या या भागातील रस्त्यांवर चिनारच्या जातीची झाडे दुतर्फा आहेत आणि दोन-तीन मजली जुन्या घरांमध्ये छोटे बार दडलेले आहेत. 'दडलेले' हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. जपानी मिश्रपेयतज्ज्ञ शिंगो गोकान यांनी २०१४ मध्ये फूशिंग मध्य मार्गावर सुरू केलेल्या 'स्पीक लो' या बारचा दर्शनी भाग म्हणजे बारच्या साहित्याचे एक लहानसे दुकान होते. तेथील पुस्तकांचे कपाट सरकवले की आतला जिना दिसे. पुढे या बारने जगातील उत्कृष्ट बारच्या याद्यांमध्ये स्थान मिळवले आणि लपवलेल्या दारांची शहरात साथच पसरली. कपाटामागे दार असणे ही उत्तम पेयाची हमी नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे. गुइहुआ फुले, उलाँग चहा किंवा शाओशिंगची तांदळाची पिवळी वाइन यांचा जाणतेपणाने वापर करणारा बार साध्या दारामागेही सापडू शकतो.

जॅझसाठी 'जेझी क्लब' हे नाव शहरात दोन दशकांहून अधिक काळ परिचित असून २०१६ मध्ये तो चूलू मार्गावरील 'फाउंड १५८' या संकुलात गेला. पूर्वेकडील शिनथ्यानती हा २००१ मध्ये नव्याने घडवलेला भाग दगडी चौकटींच्या जुन्या घरांसाठी पाहण्याजोगा आहे. चिनी साम्यवादी पक्षाचे १९२१ मधील पहिले अधिवेशन जेथे भरले, ती वास्तू या बिअरगृहांपासून काही पावलांवर आहे.

मात्र या गल्ल्या निवासी आहेत आणि बारचे आयुष्य अनेकदा शेजाऱ्यांच्या झोपेवर ठरते. योंगखांग मार्गाचे उदाहरण बोलके आहे. या लहानशा रस्त्यावर ओळीने बार उघडले आणि ग्राहक मध्यरात्रीपर्यंत पदपथावर उभे राहू लागले. त्रासलेल्या रहिवाशांनी खिडक्यांतून पाणी ओतण्यापर्यंत प्रकरण गेले. अखेर २०१६ मध्ये प्रशासनाने तेथील बार बंद केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१९ मध्ये, शहर प्रशासनाने सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळेतील 'रात्रकालीन अर्थव्यवस्थे'ला चालना देण्याचे धोरण जाहीर केले. रहिवाशांची विश्रांती आणि शहराची रात्रीची कमाई यांतील हा ताण मिटलेला नाही. बाहेर पडून मोठ्याने बोलणाऱ्या पाहुण्यांना बारचे कर्मचारी शांत राहण्यास सांगतात, त्यामागचे कारण हेच.

शोध कसा घ्यावा

गुगलचे नकाशे चीनमध्ये फारसे भरवशाचे नाहीत आणि स्थानिक इंटरनेटवर गुगल व व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही चालत नाहीत. स्थानिक लोक 'त्यानपिंग' हे २००३ मध्ये शांघायमध्येच सुरू झालेले परीक्षणांचे व्यासपीठ पाहतात. त्यात शोध घेताना चिनी शब्दांतील भेद उपयोगी पडतो. 'ज्यौबा' म्हणजे सर्वसाधारण बार. यातील 'ज्यौ' म्हणजे मद्य, तर 'बा' हे इंग्रजी 'बार'चेच रूप. 'छिंगबा' म्हणजे मंद संगीताचा, गप्पांसाठीचा शांत बार. लाउंजच्या शोधात असणाऱ्यांनी हाच शब्द वापरावा. 'येत्येन' म्हटले की मोठ्या आवाजाचे नृत्यगृह समजावे. सर्वात अलीकडचा अभिप्राय महिन्याभरातील आहे की दोन वर्षांपूर्वीचा, हे गुणांकनापेक्षा आधी पाहावे.

पत्ता वाचतानाही दक्षता हवी. 'लू' म्हणजे रस्ता. त्याआधी येणारे तोंग, शी, नान, पेइ आणि झोंग हे शब्द अनुक्रमे पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर आणि मध्य दर्शवतात. नानजिंग पूर्व आणि नानजिंग पश्चिम मार्गांवरील ठिकाणांत काही किलोमीटरचे अंतर असू शकते. पत्त्यात 'नोंग' आल्यास ती आतली गल्ली असते आणि रस्त्यावरून पाटी दिसत नाही.

चांगल्या बारमध्ये मिश्रपेयाला साधारणतः ८० ते १२० युआन पडतात. मोठ्या हॉटेलांत त्यावर सेवाशुल्क लागते, मात्र बक्षिशीची प्रथा नाही. टेबल घेण्यापूर्वी 'ती श्याव' म्हणजे किमान खर्चाची अट आहे का, हे विचारावे. अलीपे आणि वीचॅट या भ्रमणध्वनीवरील सेवांना २०२३ पासून परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड जोडता येतात.  शाकाहारींनी 'वो छ्र सू' हे तीन शब्द लक्षात ठेवावेत, कारण भाजलेल्या शेंगदाण्यांपलीकडच्या बहुतेक खाद्यपदार्थांत मांस असण्याची शक्यता असते. मार्च २०१७ पासून बारसह सर्व बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास मनाई आहे.

फसवणुकीचा एक ठरावीक प्रकार नानजिंग मार्ग आणि पीपल्स स्क्वेअर परिसरात वर्षानुवर्षे चालत आला आहे. इंग्रजी बोलण्याचा सराव करायचा आहे, असे सांगून अनोळखी तरुण-तरुणी चहाला किंवा एखाद्या बारमध्ये येण्याचे निमंत्रण देतात आणि शेवटी हजारो युआनचे देयक पुढे केले जाते. ठिकाण स्वतः निवडणे हाच यावरील खात्रीचा उपाय. तरीही असा प्रसंग ओढवल्यास ११० या क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. ग्राहक तक्रारींसाठी १२३१५ हा क्रमांक आहे. तसेच अत्यल्प दरात अमर्याद मद्य देऊ करणाऱ्या ठिकाणी बनावट दारूचा धोका असतो. तेथे गेलेच तर समोर उघडलेली सीलबंद बिअर घ्यावी.

परतीचा विचार निघतानाच करावा. बहुतेक मेट्रो मार्गांवरील शेवटच्या गाड्या रात्री साडेदहा ते अकराच्या सुमारास सुटतात, तर अनेक बार दोनपर्यंत चालू असतात. मद्यपान करून वाहन चालवण्याबाबतचा कायदा कडक असून १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅम मद्यार्क आढळला तरी दंड होतो. ८० मिलिग्रॅमला २०११ पासून फौजदारी गुन्हा मानला जातो. अलीपेमधूनच 'दीदी' टॅक्सी मागवता येते. टॅक्सीचालकांना सहसा इंग्रजी येत नसल्याने हॉटेलचे चिनी लिपीतील नाव व पत्ता असलेले कार्ड स्वागतकक्षातून घेऊन खिशात ठेवावे.