मौनाचे दोन अर्थ : 'रिफिफी' आणि तिजोरीफोडीचा चित्रपट

तुरुंगातून सुटून आलेला, वयाने उतरलेला एखादा मुरब्बी चोर अखेरची म्हणून एक मोठी कामगिरी पत्करतो. तिजोरी फोडण्यात निष्णात असा गडी जोडीला घेतो. योजना तंतोतंत पार पडते आणि तरीही सर्वांचा नाश होतो, हे कथासूत्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पाश्चात्त्य चित्रपटात रूढ झाले. जॉन ह्यूस्टन ह्यांच्या 'द ॲस्फाल्ट जंगल' (१९५०) ह्या अमेरिकन चित्रपटाने त्याचा साचा घालून दिला. ह्या साच्यात एका विशिष्ट काळाचा इतिहास उतरला तो मात्र पाच वर्षांनंतर, पॅरिसमध्ये निर्माण झालेल्या 'रिफिफी' (१९५५) ह्या चित्रपटात. त्यातील सुमारे अर्ध्या तासाचा निःशब्द घरफोडीचा प्रसंग तंत्राचा नमुना म्हणून वाखाणला जातो. त्या मौनाचा केवळ तांत्रिक विचार पुरेसा नाही, हे चित्रपटाच्या निर्मितीचा इतिहास पाहिला असता ध्यानी येते.

दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन हे जन्माने अमेरिकन. 'द नेकेड सिटी' (१९४८) आणि 'नाइट अँड द सिटी' (१९५०) ह्या चित्रपटांमुळे त्यांचे नाव झाले होते. १९५१ साली अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे एडवर्ड डिमिट्रिक व फ्रँक टटल ह्या समव्यवसायी दिग्दर्शकांनी साक्ष देताना कम्युनिस्ट म्हणून डॅसिन ह्यांचे नाव घेतले. परिणामी हॉलिवूडची दारे त्यांना बंद झाली. फ्रान्समध्ये १९५३ साली एक चित्रपट त्यांच्या हाती आला. तोही चित्रीकरणास आरंभ होण्याच्या सुमारास अमेरिकन दडपणामुळे काढून घेण्यात आला. अशा विपन्नावस्थेत ओग्यूस्त ल ब्रतों ह्यांच्या कादंबरीवरून चित्रपट करण्याचे काम त्यांच्याकडे आले. कादंबरी त्यांना आवडली नव्हती; काम मात्र हवे होते.

चित्रपटाचा खर्च सुमारे दोन लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने अगदीच तुटपुंजा. मोठ्या नटांना बोलावणे शक्य नव्हते. ज्यांची कारकीर्द उतरणीला लागली होती असे जां सर्व्हे प्रमुख भूमिकेत आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरील थकवा टोनी ह्या पात्राला उपकारक ठरला. पॅरिसचे रस्ते हिवाळ्यातील करड्या उजेडात टिपले गेले. असे असले तरी अल्प खर्च हेच चित्रपटाच्या गुणांचे कारण मानणे सयुक्तिक नव्हे. कलादिग्दर्शक अलेक्झांडर त्राउनेर, छायालेखक फिलिप आगोस्तिनी आणि संगीतकार जॉर्ज ओरिक ही मंडळी पहिल्या दर्जाची होती. थोड्या साधनांत काय गाळावे आणि कशावर भर द्यावा, हा निर्णय दिग्दर्शकाचा होता.

हा निर्णय सर्वांत स्पष्ट दिसतो तो घरफोडीच्या प्रसंगात. कादंबरीत ह्या प्रसंगाला फारसे स्थान नव्हते; डॅसिन ह्यांनी सुमारे दोन तासांच्या चित्रपटाचा चौथा हिस्सा त्याला दिला. क्षयाने पोखरलेला टोनी पाच वर्षांची शिक्षा भोगून आला आहे. सोबती त्याला जवाहिऱ्याच्या दुकानाच्या दर्शनी काचेमागचे दागिने लांबवण्याचे सुचवतात, तो मात्र आतल्या तिजोरीचाच आग्रह धरतो. धोक्याच्या घंटेचा तसाच दुसरा नमुना मिळवून, आग विझवण्याच्या नळकांड्यातील फेसाने तिचा आवाज दाबता येतो हे आधी पडताळून घेतले जाते. मग वरच्या मजल्यावरील घरात शिरून जमिनीला भोक पाडले जाते. त्यातून खाली सोडलेली छत्री उघडून ढासळणारा गिलावा त्यात झेलला जातो. आणि अखेर तिजोरी मागील बाजूने कापली जाते. ह्या सबंध काळात एक शब्द नाही, संगीत नाही. ओरिक ह्यांनी प्रसंगासाठी संगीत रचले होते. संगीतासह व संगीताविना अशी दोन्ही रूपे पाहिल्यावर ते गाळावे हे त्यांनाही पटले. ऐकू येतो तो केवळ हत्यारांचा आवाज आणि श्वास. प्रेक्षक कायद्याचा विचार क्षणभर विसरून कामाकडे पाहू लागतो. चोरी हे येथे कष्टाचे, शिस्तीचे, परस्परविश्वासावर चालणारे कसब ठरते.

मौनाचा हा पहिला अर्थ. दुसरा अर्थ उत्तरार्धात प्रकट होतो. इटलीहून बोलावलेला तिजोरीतज्ज्ञ सेझार एका गायिकेला देण्यासाठी एक अंगठी परस्पर लांबवतो. त्या अंगठीमुळे प्रतिस्पर्धी टोळीला सुगावा लागतो आणि धाकापोटी सेझार तोंड उघडतो. ज्याच्या हाताने काम निःशब्दपणे सिद्धीस नेले, त्याच्याच जिभेने ते बुडते. पुढे टोनी त्याला खांबाला बांधलेल्या स्थितीत गाठतो. त्याच्याविषयी स्नेह आहे, पण धंद्याचा नियम त्याहून मोठा, असे सांगून तो त्याला गोळी घालतो. सेझारची ही भूमिका पेर्लो व्हीता ह्या टोपणनावाने स्वतः डॅसिन ह्यांनीच केली आहे. ठरलेला नट ऐनवेळी येऊ न शकल्यामुळे ती त्यांच्याकडे आली. नाव घेणाऱ्या मित्रांची आठवण ह्या प्रसंगामागे होती, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे.

तथापि सेझार म्हणजे समितीपुढील साक्षीदार, असे सरळ समीकरण मांडणे घाईचे होईल. डॅसिन ह्यांनी फितुराला खलपुरुष केलेले नाही. तो भित्रा आहे, दिलगीर आहे, आणि त्याचा चेहरा खुद्द दिग्दर्शकाचा आहे. ज्याने फितुरीचे फळ भोगले त्यानेच फितुराच्या अंगात शिरून त्याची भीती दाखवावी, ही गोष्ट सुडाच्या कथेत बसत नाही. नियम पाळणारा टोनीही उजळ राहत नाही. तोही मरतो, लूट हातची जाते, आणि अपहृत बालकाची सुटका एवढेच त्याच्या पदरी पडते.

१९५५ च्या कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक डॅसिन ह्यांना सर्गेई वासिल्येव ह्यांच्यासह विभागून मिळाले. पुढच्या वर्षी अमेरिकेत चित्रपट झळकला तो त्यांच्याच नावानिशी. ह्या कथाप्रकाराला लागलीच इतर वळणेही मिळाली. जां-पिएर मेलव्हिल ह्यांच्या 'बॉब ल फ्लांबर' (१९५६) मध्ये म्हातारा बॉब दोव्हीलच्या जुगारगृहावरील अखेरच्या कामगिरीच्या रात्री खेळात जिंकत राहतो आणि कामगिरीच विसरतो. मारिओ मोनिचेल्ली ह्यांच्या 'इ सोलिति इन्योति' (१९५८) मध्ये तोतो ह्यांनी रंगवलेला निवृत्त तिजोरीफोड्या होतकरू चोरांना गच्चीवर धडे देतो. शिष्य भिंत फोडतात ती भलतीच, आणि स्वयंपाकघरातील अन्नावर ताव मारून परततात. शोकांतिकेचे तीन वर्षांत प्रहसन झाले. विडंबन व्हावे इतका साचा परिचित झाला होता, हाच त्याचा अर्थ.

जे काम करण्यास मनाई झाली त्या कामाचे मोल डॅसिन ह्यांनी मौनातून दाखवले, आणि त्या कामाचा घात बोलण्यातून कसा होतो तेही त्याच चित्रपटात नोंदवले. चौकशी समितीची कागदपत्रे कोणी काय सांगितले ते सांगतात. सांगणाऱ्याला आणि न सांगणाऱ्याला त्याची काय किंमत पडली, हे जाणण्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकाला चोरीच्या एका स्वस्त चित्रपटाकडेही साधन म्हणून वळावे लागते.