नॅनोइलेक्ट्रॉनिक्स उत्कृष्टता केंद्र, पवई

मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे (आयआयटी मुंबई, स्थापना 1958) घनावस्था इलेक्ट्रॉनिकीतील संशोधन केंद्र. सिलिकॉनसारख्या घनरूप अर्धसंवाहकातून वाहणाऱ्या विद्युत्‌प्रवाहावर ताबा ठेवणारी साधने घडविणे हा घनावस्था इलेक्ट्रॉनिकीचा विषय असून 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाल्यानंतर या साधनांनी निर्वात नलिकांची जागा घेतली. पवईचे केंद्र 2006 मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या अर्थसाहाय्याने, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेशी जोडून सुरू झाले.

अशा केंद्राचा गाभा म्हणजे क्लीन रूम. तिच्या ‘क्लास 100’ दर्जाच्या भागात एक घनफूट हवेत अर्धा मायक्रोमीटर वा त्याहून मोठे कण शंभराहून अधिक चालत नाहीत, कारण असा एक कणही साधन निकामी करू शकतो. वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ गोल चकती, रसायनांनी धुऊन सुमारे 1000 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ऑक्सिजनमध्ये ठेवली की तिच्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा विद्युत्‌रोधक थर येतो. तो बाहेरून लेपलेला नसून चकतीतलेच सिलिकॉन खर्ची पडून तयार होत असल्याने दोहोंचा सांधा असाधारण निर्दोष राहतो (सिलिकॉनने जर्मेनियमला मागे टाकले ते बऱ्याच अंशी याच गुणावर). त्यानंतर फोटोरेझिस्ट या प्रकाशसंवेदी द्रव्याचा लेप देऊन मास्क या आराखडा कोरलेल्या काचेमधून जंबुपार किरण पाडतात व तो आराखडा उमटवितात. या द्रव्यावर निळ्या प्रकाशाचाही परिणाम होत असल्याने त्या खोलीत पिवळेच दिवे असतात. लेप जिथे विरघळवून काढतात तिथे उघडा पडलेला ऑक्साइड शेवटी हायड्रोफ्लुओरिक आम्लाने काढला जातो.

ट्रान्झिस्टरबरोबरच येथे संवेदकांवरही काम झाले आहे. व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने स्फोटकांच्या वाफेचे रेणू चिकटताच किंचित वाकणाऱ्या सूक्ष्म पट्ट्यांवर संशोधन केले आणि त्यातून नॅनोस्निफ ही कंपनी उभी राहिली.

केंद्राचे खरे वेगळेपण मात्र 2008 पासूनच्या इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्रॅममध्ये आहे. खेड, चिपळूण, रत्नागिरी यांसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक्रमात अर्धसंवाहकांचा सिद्धान्त शिकविला जातो, पण क्लीन रूम उभारणे आणि त्याहीपेक्षा ती अहोरात्र चालू ठेवणे अशा महाविद्यालयांच्या आवाक्यापलीकडचे असते. या कार्यक्रमात निवड झालेल्या बाहेरच्या संशोधकांना प्रशिक्षण मिळते व पवईची यंत्रे वापरून आपले साधन घडविता येते. केंद्रावर झालेल्या सरकारी खर्चाचे सर्वांत सबळ समर्थन हाच कार्यक्रम होय.