मोटारगाडीची रंगपूर्व पृष्ठसज्जता

मोटारगाडीच्या पत्र्यावर रंग चढविण्यापूर्वी त्यावरील मळ, तेलकटपणा, क्षार, गंज व सुटलेला जुना रंग काढून टाकणे, खळगे बुजविणे आणि पृष्ठभाग अपघर्षक कागदाने घासून सपाट करणे, ह्या क्रियांना एकत्रितपणे रंगपूर्व पृष्ठसज्जता म्हणतात. गाडीवरील सर्व रंगथरांची मिळून जाडी सामान्यतः मिलिमीटरच्या सुमारे एकदशांश एवढीच भरते. इतका पातळ थर खालचा दोष झाकत नाही. उलट चकाकीमुळे तो अधिक उठून दिसतो. पृष्ठ अगदी गुळगुळीत असल्यास रंग नीट धरत नाही आणि खरबरीत असल्यास ओरखडे वर उमटतात. ह्या दोहोंतील मध्य साधणे हे कारागिराचे कौशल्य होय. घासताना उडणारी धूळ कारागिराला बाधते, तर धूळ बसविण्यासाठी वापरलेले पाणी पोलादाला गंजविते. ह्या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न म्हणजेच बऱ्याच अंशी ह्या कलेचा इतिहास आहे. पालघर जिल्ह्यातील एडवणसारख्या समुद्रकाठच्या गावी हा पेच आजही प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

पूर्वपीठिका : चर्मपत्रावर डिंकाने शिंपल्यांचा चुरा व वाळू चिकटवून केलेला घासकागद चीनमध्ये तेराव्या शतकात वापरात होता. शार्क माशाच्या खरखरीत कातड्याचाही अनेक देशांत लाकूड घोटण्यासाठी उपयोग होई. लंडनमध्ये जॉन ओकी यांनी १८३३ मध्ये काचकागदाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. अमेरिकेत आयझॅक फिशर यांना १८३४ मध्ये ह्या कागदाचे एकस्व मिळाले. एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये विद्युत् भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले. काचेहून पुष्कळ कठीण असलेला हा पदार्थ पुढे मोटारींच्या रंगकामात अत्यंत उपयोगी ठरला.

आरंभीच्या मोटारगाड्या घोडागाड्यांच्या कारागिरांनीच रंगविल्या. लाकडी अंगावर शिसेयुक्त तेलरंगाचे अस्तर व लांबीचे अनेक थर देऊन ते पमीस दगडाने पाण्याखाली घोटीत. त्यावर रंग व व्हार्निश यांचे थर चढत. प्रत्येक थर वाळण्यास अवधी लागत असल्याने एका गाडीच्या रंगकामात कित्येक आठवडे जात. फोर्ड कंपनीने भट्टीत तापवून वाळविलेला काळा रंग वापरून हा काळ कमी केला. तिची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९१४ ते १९२५ ह्या काळात काळ्या रंगातच मिळत असे, ती प्रामुख्याने ह्या सोयीमुळे.

नायट्रोसेल्युलोज रंग व ओला कागद : १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ‘ओकलंड’ गाडीवर द्यू पाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज रंग वापरण्यात आला. तो फवाऱ्याने देता येई व लवकर वाळत असे. त्यामुळे आठवड्यांचे काम दिवसांवर आले. मात्र त्याचे थर पातळ असल्याने खालची घासाई अधिक काटेकोर करावी लागू लागली. ही घासाई कोरडी केल्यास शिसेयुक्त रंगाची धूळ कामगारांच्या श्वासावाटे शरीरात जाई. फिलाडेल्फियाचे फ्रान्सिस ओकी यांनी शोधलेला, पाण्यात न विरघळणाऱ्या चिकट द्रव्याचा अपघर्षक कागद मिनेसोटा मायनिंग कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणला. ह्या कागदाने पाणी लावून घासता येऊ लागले, धूळ चिखलरूपाने वाहून जाऊ लागली आणि कागदही लवकर भरेनासा झाला. ह्याच कंपनीतील रिचर्ड ड्र्यू यांनी दुरंगी गाड्या रंगविणाऱ्यांची अडचण पाहून १९२५ मध्ये झाकपट्टी तयार केली.

लाकडाऐवजी पोलादी पत्रा रूढ झाल्यावर मात्र हेच पाणी अडचणीचे ठरू लागले. टॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये एकस्व घेतलेल्या फॉस्फेट प्रक्रियेतून पोलादावर गंजरोधक व रंग धरून ठेवणारा स्फटिकमय थर देण्याची पद्धत विकसित झाली. १९६० च्या दशकात सबंध सांगाडा अस्तराच्या कुंडात बुडवून विद्युत् प्रवाहाने लेप देण्याची रीत आली. अशा रीतीने कारखान्यातील सज्जता हातातून रसायनाकडे गेली. दुरुस्तीची सज्जता मात्र हातातच राहिली. कारण उघड्यावर किंवा लहान कर्मशाळेत कुंड व भट्टी नसते.

महाराष्ट्रातील विकास : मुंबईत गहागन पेंट्स ही कंपनी १९२० मध्ये स्थापन झाली. तीच पुढे गुडलास वॉल, गुडलास नेरोलॅक व २००६ पासून कन्साई नेरोलॅक ह्या नावांनी ओळखली गेली. एशियन पेंट्सची स्थापना १९४२ मध्ये मुंबईतच झाली. उरणजवळील मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेल हा अपघर्षक वस्तूंचा उद्योग सुरू झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी ह्या गाड्या बाहेर पडल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे ‘डेंटर-पेंटर’ हा जोडव्यवसाय फोफावला. योग्यता तपासणीपूर्वी टॅक्सी ठोकून, लांबी भरून, घासून नव्याने रंगविण्याची प्रथा पडली. ह्या कामात ‘ड्युको’ हे व्यापारी नाव गाडीच्या कोणत्याही फवारलेल्या रंगाला लागू लागले आणि जलरोधक कागद ‘वॉटर पेपर’ झाला. पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. तिच्यावर शिकलेली हातोटी उपनगरांत व लगतच्या जिल्ह्यांत टिकून आहे.

एडवण-तारापूर किनारा : एडवण, केळवे, माहीम, सातपाटी व तारापूर ह्या पट्ट्यातील मच्छीमारांना पृष्ठसज्जता नवी नाही. पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि नारळी पौर्णिमेला त्या पुन्हा दर्यात लोटण्याआधी त्यांची बुडे खरवडून, सांधे बुजवून, तेल किंवा रंग देतात. तळ कोरडा झाल्याविना लेप देऊ नये, हा त्यांचा अनुभव पोलादालाही लागू पडतो. तारापूर अणुविद्युत् केंद्र (१९६९) व बोईसरलगतची औद्योगिक वसाहत यांमुळे ह्या भागात वाहनांचा वावर वाढला.

येथील मुख्य शत्रू खारा वारा होय. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतील पाणी शोषून विरघळते. सागरी मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर ह्याहून बरीच कमी आर्द्रता असतानाही ओले होते. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्यावर क्षारांचा विद्युत्-वाहक ओलावा राहतो. क्षार रंगाखाली अडकल्यास ते रंगाच्या थरातून पाणी ओढून घेतात. प्रथम फोड येतात, मग त्यांखाली गंज पसरतो. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी व पत्र्याचे सांधे येथे हा दोष प्रथम दिसतो. म्हणून किनाऱ्यावर घासाईच्या आधी गाडी गोड्या पाण्याने व साबणाने धुणे अत्यावश्यक असते. न धुता घासल्यास कागद क्षाराचे कण ओरखड्यांत दाबून बसवितो. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास ते ह्या कामी घेऊ नये.

कार्यपद्धती : धुऊन वाळविलेल्या पत्र्यावरील तेल व मेण द्रावकाने पुसून काढतात, हे घासाईपूर्वीच करावे लागते. गंजलेला भाग व सुटलेला रंग ८० ते १२० क्रमांकाच्या कागदाने स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत काढतात. भोवतालच्या टिकाऊ रंगाच्या कडा १८० व नंतर ३२० क्रमांकाने घासून उतरत्या करतात. कडेवरून बोट फिरविले असता पायरी जाणवता कामा नये. खळग्यांत पॉलिएस्टर लांबी भरून ती ८० पासून चढत्या क्रमांकांनी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या कागदाने कोरडीच घासतात, कारण ती सच्छिद्र असून पाणी धरून ठेवते. नुसत्या बोटांनी घासल्यास पृष्ठावर खोलगट पट्टे पडतात. उघडा पत्रा त्याच दिवशी अस्तराखाली गेला पाहिजे; दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस झाक येते. अस्तरावर गडद रंगाचा विरळ फवारा मारून घासल्यास जेथे तो टिकतो तो खळगा व जेथे चटकन निघतो तो उंचवटा, असे ओळखता येते. अखेरची घासाई ४०० ते ८०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने, अस्तर कोठेही फुटू न देता करतात. फुटल्यास तो भाग वाळवून पुन्हा अस्तर देतात. पाण्याची घासाई अस्तराच्या वर आणि कोरडी घासाई अस्तराच्या खाली, ही विभागणी किनाऱ्यावर विशेष कसोशीने पाळावी लागते.

आरोग्य : अस्तराखाली कोरडे घासावयाचे म्हटले की धुळीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जुन्या गाड्यांच्या थरांत शिसे व क्रोमेट असू शकते. भारतात रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा २०१६ चा नियम घरगुती व सजावटी रंगांसाठी करण्यात आला. शिवाय तो पूर्वी दिलेल्या थरांना लागू होऊ शकत नाही. तोंडावर रुमाल बांधल्याने सूक्ष्म धूळ अडत नाही. त्यासाठी कणरोधक मुखवटा लागतो. घराच्या अंगणात घासाई करताना धूळ लहान मुले, पाण्याची भांडी व वाळत घातलेले अन्न यांपासून दूर ठेवणे आणि खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने गोळा करणे अगत्याचे आहे. १९७० नंतर प्रसार पावलेल्या द्विघटकी पॉलियुरेथेन रंगांतील आयसोसायनेटांमुळे दमा जडू शकतो. हवापुरवठ्याच्या मुखवट्याविना असे रंग घरी फवारणे धोक्याचे आहे.

एका शतकात रंग अनेकदा बदलले. त्यांचे आयुष्य मात्र आजही त्यांच्याखालील पृष्ठभाग किती स्वच्छ व कोरडा ठेवला यावरच अवलंबून आहे. हे काम करणाऱ्या हातांची किंमत चकाकीवरून ठरविली जाते; तिच्यासाठी त्यांनी गिळलेली धूळ हिशेबात येत नाही. ह्या व्यवसायातील यापुढील सुधारणा त्याच दिशेने होणे आवश्यक आहे.