गल्लीचा नकाशा

कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० साली अख्तर हमीद खान काम करू लागले, तेव्हा घरोघरी बादलीचे संडास होते आणि सांडपाणी गल्लीतून उघडे वाहत होते. गटार बांधणे सरकारचे काम, अशी रहिवाशांची समजूत. सरकारच्या लेखी वस्तीच अनधिकृत.

खानांनी कामाची वाटणी सुचवली. घरातला संडास, गल्लीतले गटार आणि वस्तीतली जोडवाहिनी रहिवाशांनी स्वखर्चाने करायची. मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र शासनाने. वीस-तीस घरांची गल्ली आपला म्होरक्या निवडी, तो वर्गणी गोळा करी. खानांची संस्था आराखडा, अंदाजपत्रक, अवजारे देई. पैशाला हात लावत नसे. ठेकेदार वगळल्यामुळे खर्च बराच उतरला.

पण जमिनीखालचे हे काम सरकारी कागदावर नव्हते. वास्तुविशारद परवीन रहमान यांनी स्थानिक तरुणांना सोबत घेऊन गल्ल्या आणि नाले मोजले. लोकांची गटारे नैसर्गिक नाल्यांना मिळतात, हे नकाशावर दिसले. मग नालेच बांधून मुख्य वाहिन्या करा, असे शासनाला पुराव्यानिशी सांगता आले.

पुढे रहमान यांनी कराचीच्या कडेच्या जुन्या गावांच्या जमिनींची नोंद हाती घेतली. तिथे भूखंड बळकावणाऱ्यांचे हितसंबंध होते. १३ मार्च २०१३ रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

भाषांतर करताना ‘लोकसहभाग’ हा शब्द मी कितीदा तरी सहज लिहून गेले आहे. आता तो लिहिताना हात थांबतो: वर्गणी कोणी दिली ते कळले, नकाशा कोणाकडे आहे?